पोलो जीटीनंतर कोणती? अबार्थ, व्हीआरएस आणि एम३४०आय बाळगलेल्याचं उत्तर

प्रश्न असा आहे : फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय बरीच वर्षं चालवली, आता खरोखर वेगवान गाडी हवी. नजरेत तीन आहेत. फियाटची जुनी अबार्थ पुन्टो, २०१७-१८ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, नाहीतर घराच्या हप्त्यावर आणखी एक हप्ता चढवून बीएमडब्ल्यू एम३४०आय. रोज कोथरूड ते हिंजवडी, महिन्यातून एखाद्या वेळी कोकण किंवा महाबळेश्वर, घरात लहान मूल, आणि जमलं तर ट्रॅकवर जायची हौस. ज्यांनी या गाड्या स्वतः बाळगल्या त्यांनी सांगावं.

तिन्ही बाळगल्या आहेत. एम३४०आय अजून दारात आहे. त्याआधी फियाट पालिओ १.६ आणि होंडा सिटी व्हीटेक होत्या. पोट गाड्यांच्या दुरुस्तीवर आणि ट्यूनिंगवर चालतं, त्यामुळे माझ्याकडे नसलेल्याही बऱ्याच गाड्या आतून पाहिल्यात. तुमचं उत्तर आधीच देऊन टाकतो : व्हीआरएस २३० घ्या, पण इंजिनाशी कुणी खेळलेलं नसेल तरच. पैसे उरले तर अबार्थचा विचार दुसरी गाडी म्हणून. एम३४०आय ही तिघींत सगळ्यात चांगली गाडी आहे आणि तरीही आज तुमच्यासाठी ती नाही.

सगळ्यात आधी शून्य ते शंभर हा आकडा बाजूला ठेवा. व्हीआरएस २३० साठी कंपनीचा दावा ६.८ सेकंदांचा होता आणि २०१७ मध्ये आपल्याकडे तो ऐकून लोक हरखले होते. आज टाटा हॅरिअर ईव्हीची चारही चाकं फिरवणारी आवृत्ती ६.३ सेकंदांचा दावा करते, आणि ती दोन टनांहून जड, सात-आठ बॅगा भरून गावाला जायची गाडी आहे. बीवायडी सील परफॉर्मन्स २०२४ मध्ये ५३ लाखांत आली, ३.८ सेकंद. म्हणजे एम३४०आयच्या ४.४ पेक्षाही कमी. नुसता सरळ रेषेतला धक्का हवा असेल तर पेट्रोलच्या गाड्यांची चर्चा इथेच थांबवा, इलेक्ट्रिक घ्या, कटकट मिटली.

मी गाडी तोलतो ती तीन ठिकाणी. पहिलं, दोन पदरी रस्त्यावर ट्रकच्या मागे साठला अडकून शंभरला बाहेर पडताना. दुसरं, घाट उतरताना, शेवटच्या वळणांवर ब्रेक पहिल्या वळणासारखाच लागतो का. तिसरं, जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर आलेलं असताना वळणातून निघताना पुढची चाकं काय करतात. आणि या सगळ्याच्या वर एक प्रश्न : साध्या आठवड्यात गाडीची किती ताकद तुमच्या हाताला, म्हणजे पायाला, लागते? माझ्या अनुभवात मालक गाडीवर खूश राहतो की दोन वर्षांत विकतो, हे या एका प्रश्नावर ठरतं. बीएचपीवर नाही.

सिटी व्हीटेक १०६ बीएचपीची, पालिओ १.६ शंभरची. कागदावर बहिणी. प्रत्यक्षात पालिओ खालून खेचायची, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज यायचा, आणि पेट्रोल असं प्यायची की गावात नऊचं ॲव्हरेज मिळालं तर लोक शंका घ्यायचे. ती आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. सचिनच्या सहीची एस१० आवृत्ती त्याच इंजिनावर होती. सिटी हलकी, स्टिअरिंग पोकळ, पण काटा वर चढवत नेला की इंजिन गायला लागायचं. रेडलाइनपर्यंत नेऊनही तुम्ही पोलिसांच्या नजरेत भरत नव्हता. हे महत्त्वाचं आहे. ती गाडी पूर्ण वापरता यायची, आणि म्हणूनच आजही लोक ती जपून ठेवतात.

दोन्हींचं दुखणं घाटात कळायचं. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद उंचीबरोबर घटते, दर शंभर मीटरला ढोबळमानाने एक टक्का. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. पसरणी घाट चढून पाचगणीला पोहोचेपर्यंत सिटीतले दहा-बारा घोडे वाटेतच राहिलेले असायचे. टर्बो ही तूट भरून काढतो, कारण हवा विरळ झाली तरी तो जास्त फिरून तेवढाच दाब देतो. तुमच्या पोलोने तुम्हाला हे सुख आधीच दिलंय, त्यामुळे जुन्या व्हीटेकच्या आठवणी सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. आमचं तरुणपण त्यात मिसळलेलं असतं.

आता आरएस, म्हणजेच व्हीआरएस, या बिल्ल्याबद्दल. जुन्या बाजारात तीन वेगवेगळ्या गाड्या हे नाव लावून फिरतात आणि विकणारा तिघींना एकाच सुरात 'रॉकेट' म्हणतो. पहिली ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे २००४ मध्ये आली. युरोपात तिला १८० हॉर्सपॉवर होते, आपल्याला १५० दिले. पाच गिअर, १.८ टर्बो. मग २०११ची स्कोडा लॉरा आरएस : नाव मोठं, इंजिन मात्र साध्या लॉरा १.८ टीएसआयचंच, १६०. दिसायला झकास, सस्पेन्शन कडक, पण ताकदीत शेजाऱ्याच्या लॉराइतकीच. शिवाय त्या काळातल्या १.८ टीएसआय इंजिनांमध्ये टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ही जगभर माहीत असलेली दुखरी जागा. तो बदललेला नसेल तर स्वस्त मिळालेली लॉरा महागात पडते. खरी, पूर्ण ताकदीची आरएस आपल्याला २०१७ मध्येच मिळाली : दोन लिटर, २३० हॉर्सपॉवर, ३५० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे खेच, शोरूम किंमत साडेचोवीस लाखांच्या जरा वर. २०२०ची आरएस २४५ ही तिची मोठी बहीण, पूर्ण आयात, फक्त २०० गाड्या, ३६ लाख. तिच्यात इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (पकड असलेल्या चाकाकडे ताकद वळवणारा) आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे. चालवायला २४५ सरस आहे यात वाद नाही, विशेषतः वळणातून बाहेर पडताना. पण मालक ती सोडत नाहीत, आणि सोडली तर किंमत संग्राहकाची सांगतात.

अबार्थकडे येऊ. तिच्याबद्दल मी नि:पक्षपाती नाही.

रांजणगावला बनलेली ही गाडी ऑक्टोबर २०१५ मध्ये दहा लाखांच्या आत आली. १.४ टी-जेट, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन मीटर, चारही चाकांना डिस्क. दहा लाखांत त्या वेळी तिच्या जवळपास कुणी नव्हतं. पहिल्यांदा चालवणारा निराश होतो, कारण दोन हजार आरपीएमच्या खाली ती साध्या पुन्टोइतकीच ढिम्म असते. मग टर्बो जागा होतो आणि स्टिअरिंग हातातून निसटू बघतं. डावीकडे ओढते, उजवीकडे ओढते, खड्ड्यावर टायर पकड सोडून पुन्हा धरतो. चाकं जागेवर फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल नाही, घसरणारी गाडी सावरणारा ईएसपी नाही. सगळं तुमच्यावर. हायड्रॉलिक स्टिअरिंग असल्याने टायरखाली खडी आहे की ओलं डांबर हे तळहाताला कळतं. नंतर घेतलेल्या एकाही गाडीत हे मला मिळालं नाही, आणि त्यात बीएमडब्ल्यूही आली.

ताम्हिणीत किंवा वरंध्यात सकाळी लवकर, वाहतूक नसताना, अबार्थ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पिळता येते आणि वेग तेव्हाही फार नसतो. माझ्या त्या प्रश्नाला सर्वांत चांगलं उत्तर हीच गाडी देते. पण रोज हिंजवडीला? क्लच जड, गिअर लांब फेकावा लागतो, बसायची जागा उंच आणि पेडल तिरके. अर्ध्या तासाच्या कोंडीत डावा गुडघा बोलायला लागतो. फियाट भारतातल्या प्रवासी गाड्यांतून बाहेर पडली आहे. इंजिनाचे बरेच भाग फियाटच्याच लिनिया टी-जेटशी जुळतात म्हणून गाडी चालू ठेवता येते, पण तिच्या खास वस्तू, म्हणजे चाकं, बंपर, बिल्ले, आतले पॅनल, यांच्यासाठी मालकांच्या ग्रुपमध्ये ओळख लागते. लहान मूल मागच्या सीटवर बांधून हिच्यात रोज फिरायचं असेल तर ईएसपी नाही हे घरच्यांना आधी सांगा. मग बघा काय उत्तर येतं.

व्हीआरएस २३०. इथे जरा थांबतो, कारण तुमचे पैसे इथे जाणार आहेत.

हिचं पहिलं आश्चर्य म्हणजे ती शांत असते. डी मोडला कोथरूड डेपोपासून चांदणी चौकापर्यंत ती कुठल्याही साहेबाची ऑक्टाव्हिया वाटते. डिकी ५९० लिटरची, पाठ वर उघडते, बाबागाडी न दुमडता जाते. बायकोला ती 'तुझी खेळण्यातली गाडी' वाटत नाही, आणि संसारी माणसाच्या बाबतीत गाडी किती वर्षं टिकते ते यावर ठरतं. मग रिकामा रस्ता आला की एस, म्हणजे स्पोर्ट, मोड. दीड हजार आरपीएमच्या जरा वरपासूनच पूर्ण टॉर्क हजर असतो, म्हणून ट्रकच्या मागून बाहेर पडताना विचार करावा लागत नाही. साठ ते शंभर हे अंतर ती इतक्या चटकन कापते, की ओव्हरटेकची जी जागा पोलोत तुम्ही सोडून दिली असती ती इथे निवांत पुरते. माझ्या लेखी वेगवान गाडीचा हाच व्यवहारातला उपयोग आहे. बाकी सगळी हौस.

गिअरबॉक्सचा फरक तुम्हाला पहिल्याच आठवड्यात जाणवेल. तुमच्या पोलोतला सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. कोंडीत गाडी सरपटवत ठेवली की तो तापतो, आणि सगळ्या मेकॅनिकना त्याच्या मेकाट्रॉनिकच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या नियंत्रकाच्या, कथा पाठ आहेत. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने याच गिअरबॉक्सच्या तेलासाठी जगभर गाड्या परत बोलावल्या होत्या. व्हीआरएस २३० मधला सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा आहे. उष्णता सोसतो, टॉर्क सोसतो. बदल्यात तेल आणि फिल्टर दर साठ हजार किलोमीटरला बदलावे लागतात, आणि हा खर्च वाचवणारे मालक पुष्कळ भेटतात. त्यांची गाडी घेऊ नका.

दोष? आहेत. पहिल्या गिअरला ओल्या रस्त्यावर पाय दाबला की पुढची चाकं जागेवरच फिरतात. ३५० न्यूटन मीटर दोनच चाकांतून जातात, त्याला इलाज नाही. पाऊस सुरू झाला की मी दुसऱ्या गिअरलाच ताकद मागायचो. इलेक्ट्रिक स्टिअरिंग अचूक आहे पण मुकं आहे. सोसायटीच्या पार्किंगचा उतार तिरका घ्यावा लागतो, आणि कोकणातल्या गावांत स्पीड ब्रेकर ज्या उत्साहाने बांधतात तो उत्साह गाडीच्या पोटाला लागतो. इंजिनात सर्वांत माहीत असलेली कुरबुर म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर. ते कालांतराने चिरतं आणि कूलंट हळूहळू गळू लागतं. जमिनीवर डबकं दिसत नाही, कारण गरम इंजिनावर ते वाळून जातं. टाकीतली पातळी महिन्याला बघायची सवय लावा.

इंधन ९५ ऑक्टेनचं घाला. साधं घातलं तर गाडी चालणारच, पण मे महिन्यात दुपारी चाळीस अंशांत इंजिन ठोका (अवेळी पेटणारं इंधन) ओळखून स्वतःच स्पार्क मागे घेतं आणि तुम्ही पैसे मोजलेले घोडे कमी होतात. त्यात उन्हात कोंडीत उभं राहिल्याने टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापलेला असतो. म्हणून पुण्यातल्या मे महिन्यात केलेली टेस्ट ड्राइव्ह आणि डिसेंबरच्या पहाटे केलेली टेस्ट ड्राइव्ह यांत एकच गाडी वेगळी वाटते. विकणाऱ्याला हे माहीत असतं. ई२० बद्दल सगळे विचारतात : इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे वीस टक्के मिसळल्यावर ॲव्हरेज थोडं पडणारच. जुन्या गाड्यांत माझी नजर रबराच्या इंधन नळ्यांवर असते. पालिओ-सिटीच्या वयाच्या गाडीत त्या तपासून बदलून टाकाव्यात.

एम३४०आय २०२१ मध्ये ६२.९ लाखांना आली. तीन लिटर, सरळ रांगेतले सहा सिलिंडर, ३८७ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर, चारही चाकांना ताकद, आणि जुळणी चेन्नईत. २०२२च्या शेवटी आलेल्या नव्या रूपात आकडा ३७४ झाला. चालवताना फरक कळत नाही, वाद घालायला उपयोगी. हे इंजिन काय चीज आहे ते शब्दांत सांगणं अवघड. कंप नाही, थांबणं नाही, आठ गिअरचा ऑटोमॅटिक मनातलं ओळखतो. जुलैत आंबा घाटात, धुक्यात आणि पाण्यात, ती ज्या विश्वासाने वळणातून बाहेर पडते तो विश्वास व्हीआरएसमध्ये कधीच नव्हता. पावसाळा हा तिच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा आहे.

मग तुम्हाला नको का म्हणतो? दुसरा गिअर संपतो तेव्हा काटा नव्वदच्या आसपास असतो. तिसरा संपायच्या आत एक्सप्रेसवेची शंभरची मर्यादा तुम्ही केव्हाच मागे टाकलेली असते, आणि तिथे आता कॅमेरे आहेत. समृद्धीवर १२०. म्हणजे आठपैकी तीन गिअरांतच कायदा संपतो. हिचा पाय पूर्ण दाबणं म्हणजे तीन-चार सेकंदांचा खेळ, मग पाय उचलायचा. आठवड्याचा हिशेब लावला तर अबार्थची पूर्ण ताकद, व्हीआरएसची बरीचशी आणि बीएमडब्ल्यूची चिमूटभर मी वापरली आहे. तरी मी ती ठेवली, कारण माझी रोजची ये-जा संपलीय आणि लांबचे प्रवास वाढलेत. पाचशे किलोमीटर चालवून उतरल्यावर कंबर दुखत नाही. हे वेगवान गाडीबद्दलचं वाक्य नाही हे मलाही कळतं.

खर्च बघा. नवी घेतली तर महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १३ टक्के. सुरुवातीच्या किमतीवरच तो आठ लाखांच्या वर जात होता. हवा गेल्यावरही थोडं चालणाऱ्या रन-फ्लॅट टायरच्या बाजू दगडासारख्या कडक असतात, आपल्या खड्ड्यांत त्या फुगतात आणि चाकाची कड वाकते. चार टायरचा संच लाखाच्या पुढे. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे आलटून-पालटून वापरून आयुष्य वाढवण्याची सोय नाही. ब्रेक पॅड, डिस्क, विमा, सगळंच एक पायरी वर. घराचा हप्ता चालू असताना ही गाडी घेतलेले दोघे-तिघे मला माहीत आहेत. ते गाडी चालवत नाहीत, सांभाळतात. रविवारी पुसतात, सोमवारी बसने जातात.

तुमच्या यादीत नसलेली एक गाडी सांगतो : व्हर्टस जीटी १.५, चाकणचीच, १५० हॉर्सपॉवर, २५० न्यूटन मीटर, सहा गिअरच्या मॅन्युअलसह. पोलोवरून उडी मोठी वाटणार नाही, पण वॉरंटी आहे, ईएसपी आहे, खालची उंची आपल्या रस्त्यांना साजेशी आहे. जुन्या गाडीची धास्ती वाटत असेल तर ही घ्या आणि उरलेल्या पैशांत टायर व ब्रेक चांगले करा. मॅन्युअलच घ्या, डीएसजीत इथेही कोरडा क्लच आहे. गोल्फ जीटीआय २०२५ मध्ये ५३ लाखांना आली, नवी ऑक्टाव्हिया आरएस त्याच वर्षी पन्नासला, २६५ हॉर्सपॉवरची, शंभरच गाड्या. दोन्ही छान. त्या किमतीत जुनी एम३४०आय दिसू लागते आणि मन पुन्हा भरकटतं, म्हणून फार बोलत नाही. पोलो जीटीआय, तीन दारांची, १९२ हॉर्सपॉवर, भारतात ९९च आणल्या होत्या. मिळाली तर मला फोन करा.

रिमॅपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. व्हीआरएसचं इंजिन सॉफ्टवेअर बदलून तीनशेच्या आसपास जातं, आणि हे काम मी स्वतः करतो, त्यामुळे गिऱ्हाईक घालवण्याच्या धोक्यासह सांगतो : पहिलं वर्ष करू नका. आधी ब्रेक. वेग १०० वरून १४० झाला की गाडीतली ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, आणि ती सगळी ब्रेकला उष्णता म्हणून गिळावी लागते. ताकद वाढवून ब्रेक तेच ठेवणारे लोक मला घाटाच्या पायथ्याला धूर काढत उभे दिसतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश हवा, ओलावा शोषल्यावरची किमान मर्यादा १५५ आहे. आपल्याकडचे चार महिने दमट हवेचे. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचंच, गाडी किती फिरली ते न बघता. चांगले पॅड, ताजं तेल, चांगले टायर. एवढ्याने व्हीआरएस घाटात जितकी वेगवान होते तितकी सत्तर जादा घोड्यांनी होत नाही, आणि खर्च रिमॅपपेक्षा फार नाही.

शिवाय विमा. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर मोठ्या दाव्याच्या वेळी तो कागद पहिल्यांदा बाहेर येतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ बनावटीत फेरफार करायला मनाई करतं. मोठा आवाज करणारा एक्झॉस्ट तर आमंत्रणच आहे. तुमच्या सोसायटीतले आजोबा आरटीओच्या आधी पोहोचतील.

ट्रॅकची हौस असेल तर हे लक्षात घ्या, की पुण्याहून कोइम्बतूरची करी स्पीडवे किंवा चेन्नईजवळची इरुंगट्टुकोट्टई गाठायची म्हणजे हजाराहून जास्त किलोमीटर. तिथे जाऊन तीन-चार फेऱ्यांत ब्रेक तापवून परत तितकंच चालवत यायचं आहे. त्यासाठी व्हीआरएस योग्य आहे, कारण ती सामान घेऊन जाते आणि घरी परत आणते. जवळ सरळ पट्टीवर मोजायचं असेल तर लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन भरते. तिथे एकदा प्रेक्षक म्हणून जा. तुमच्या मनातली गाडी कुणीतरी आणलेली असतेच. मालकाशी बोला, खर्च विचारा. ट्रॅकवर आलेला मालक शोरूमच्या माणसापेक्षा खरं बोलतो.

आता व्हीआरएस बघायला जाल तेव्हा काय बघायचं ते. रिमॅप काढून मूळ सॉफ्टवेअर परत टाकलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत, 'स्टॉक आहे साहेब' म्हणत. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, किती वेळा लिहिलं गेलं याची मोजणी राहते; ज्याच्याकडे नीट स्कॅनर आहे त्याच्याकडून ती वाचून घ्या. किलोमीटरचा आकडा मीटरवर बदलता येतो, पण सर्व्हिसच्या नोंदी आणि इतर मॉड्यूलमधले आकडे जुळतात का ते त्याच वेळी दिसतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. एका ॲक्सलवर दोन वेगळ्या बनावटीचे टायर असतील तर मालक कसा आहे ते कळलं. चारही चाकं बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून घ्या, वाकलेली कड हातात धरून दिसत नाही. गाडी लिफ्टवर चढवा; पोटाला ओरखडे असणारच, पण ऑइल चेंबरवर ठोका नको.

बाहेरच्या राज्यातली गाडी स्वस्त दिसते, बंगळूरूच्या व्हीआरएस पुण्यात बऱ्याच येतात. एनओसी आणून इथे पासिंग करताना महाराष्ट्राचा टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे भरावा लागतो आणि तिकडच्या परताव्यासाठी चकरा माराव्या लागतात. भाव करताना तो आकडा आधी वजा करा, नंतर नाही.

चालवताना गिअरबॉक्सकडे लक्ष द्या : इंजिन पूर्ण तापल्यावर सपाट जागी डी मध्ये ब्रेकवरून पाय हळूच उचला. गाडी सलग पुढे सरकली पाहिजे, हिसका नको, थरथर नको. मग थोड्या चढावर रिव्हर्स. तिथेही तेच. डीएसजीच्या तेलाची पावती मागा, नुसता शिक्का नाही.

आणि इंजिन थंड असताना सुरू करून ऐका. पहिल्या दोन सेकंदांत चेनचा खडखडाट आला तर नमस्कार करून निघा. जायच्या आदल्या दिवशी मालकाला सांगून ठेवा की सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर किल्ली मागण्याआधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या.